बर्फावरची बोली

विटीदांडूचा खेळ ज्यांनी लहानपणी खेळला आहे, त्यांना वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द नव्याने सांगावयास नकोत. विटी टोलविल्यावर दांडूने अंतर मोजताना हे शब्द आपोआप तोंडी येत. हैदराबादेकडील वाचकांच्या मात्र एक गोष्ट चटकन ध्यानात येईल. तेलुगूत एक म्हणजे ‘ओकटि’, दोन म्हणजे ‘रेंडु’, तीन म्हणजे ‘मूडु’ आणि चार म्हणजे ‘नालुगु’. पुण्याच्या पेठेतील किंवा साताऱ्याच्या वाडीवरील मुलगा पिढ्यान् पिढ्या तेलुगू-कानडीच्या शेजारातून आलेले अंक मोजत होता आणि त्याला त्याची गंधवार्ताही नव्हती. त्याच्या लेखी ते विटीदांडूचे शब्द होते, आणि म्हणूनच ते अस्सल मराठी होते.

भाषांचा विचार करताना आपण ग्रंथांकडे पाहतो, कोशांकडे पाहतो, क्वचित कायदेमंडळाकडेही पाहतो. अंगणाकडे मात्र सहसा पाहत नाही. वस्तुतः भाषेची सर्वांत मोकळी देवघेव अंगणात चालते. महाराष्ट्राबाहेर दोन-दोनशे वर्षे घर करून राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना तर या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून चालणारच नाही. आपल्या मुलांची शाळा परभाषेत, मित्र परभाषिक, आणि खेळही परभाषेत. मग घरच्या भाषेस उरते काय? स्वयंपाकघर, देवघर आणि आजीची गोष्ट. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला फार दूरच्या एका खेळाने हात दिला. तो खेळ म्हणजे बर्फावरील हॉकी. या खेळाची परिभाषा, त्याची गमतीदार बोली आणि त्या बोलीभोवती झालेली भाषांची ओढाताण या तिन्ही गोष्टी आपल्या विचारास उपयोगी पडतील, अशा समजुतीने हा लेख लिहीत आहे.

दोन देश, एक शब्द

हॉकी हा शब्द ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी घरांत परका नाही. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्धच्या एकाच सामन्यात दहा गोल करणारे रूपसिंह हे ग्वाल्हेरशी निगडित, आणि तेथील मैदानास त्यांचेच नाव आहे. इंदूरजवळच्या महूचे शंकर लक्ष्मण यांनी १९५६, १९६० आणि १९६४ या तीन ऑलिंपिकमध्ये भारताचे गोल राखले. आपल्या लेखी हॉकी म्हणजे मैदान, माती आणि चेंडू. कॅनडात मात्र नुसते हॉकी म्हटले की ती बर्फावरचीच. आपल्या हॉकीला तेथे ‘मैदानी’ असे विशेषण जोडून सांगावे लागते. ज्याचा खेळ त्याला विशेषण लागत नाही, विशेषण लागते ते पाहुण्याला. भाषेचा हा नियम खेळातही दिसतो.

गोठलेल्या तळ्यांवर काठ्या घेऊन खेळण्याची रीत जुनी असली, तरी छताखालील पहिला संघटित सामना ३ मार्च १८७५ रोजी मॉन्ट्रिअल येथील व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये झाला, असे मानले जाते. जेम्स क्रेटन यांनी तो योजिला होता. दोन्ही बाजूंस नऊ-नऊ खेळाडू होते. चेंडू उसळून प्रेक्षकांस लागू नये म्हणून त्याऐवजी लाकडाची चपटी चकती वापरण्यात आली. दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, मॉन्ट्रिअलच्या ‘गॅझेट’ पत्रात या खेळाचे नियम छापून आले. ते बव्हंशी इंग्लंडमधील मैदानी हॉकीच्या नियमांवरूनच घेतलेले होते.

आज ही चकती रबराची असते. तिचा व्यास सुमारे साडेसात सेंटिमीटर, जाडी अडीच सेंटिमीटर आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम. तिला ‘पक’ म्हणतात. मोठ्या सामन्यांत ती उसळू नये म्हणून आधी गोठवून ठेवितात. कसलेल्या खेळाडूने सणसणीत फटका मारिला, तर ती ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने सुटते. एका बाजूचे सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात: एक गोलरक्षक, दोन बचावाचे आणि तीन चढाईचे. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग होतात. हा खेळ इतका दमविणारा आहे की, खेळाडू एका दमात पाऊण-एक मिनिटच खेळतो आणि बाकावर परत येतो; त्याच्या जागी दुसरा उडी घेतो. या एका दमाला ‘शिफ्ट’ असे नाव आहे. कारखान्यातील कामगाराची जी शिफ्ट, तीच ही. इंदूरच्या कापडगिरण्यांचे भोंगे ज्यांनी ऐकले आहेत, ते तिला सहज ‘पाळी’ म्हणतील.

स्वयंपाकघरातून बर्फावर

खेळाची परिभाषा आणि खेळाची बोली यांत भेद केला पाहिजे. परिभाषा नियमांच्या पुस्तकात असते, तर बोली खेळाडूंच्या बाकावर, कपडे बदलण्याच्या खोलीत आणि प्रेक्षकांच्या तोंडी वाढते. आपल्या अर्ध्या भागातून चकती थेट प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे धाडून दिली, तर तो ‘आयसिंग’ नावाचा नियमभंग होतो. ही झाली परिभाषा. पण त्याच चकतीला खेळाडू लाडाने ‘बिस्किट’ म्हणतात आणि गोलाच्या जाळ्याला ‘टोपली’. बिस्किट टोपलीत टाकले म्हणजे गोल झाला. ही झाली बोली.

या बोलीतील किती शब्द घरातून आले आहेत हे पाहिले म्हणजे मौज वाटते. गोल होण्यापूर्वी ज्याने चकती पुरविली त्याच्या नावावर जे श्रेय लिहिले जाते, त्याला बोलीत ‘अ‍ॅपल’, म्हणजे सफरचंद, म्हणतात. टोरांटोजवळ स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या मुलाने भारतातील आजीला दूरध्वनीवरून आनंदाने सांगितले, “आजी, आज मला मॅचमध्ये दोन अ‍ॅपल मिळाले!” आजीने विचारले, “धुऊन खाल्लेस ना रे?” नातू हसत सुटला आणि मग त्याने आजीला सगळा खेळ समजावून दिला. त्या दिवसापासून आजी दर शनिवारी सफरचंदे किती मिळाली हे विचारू लागल्या, असे त्या विद्यार्थ्याने मला कळविले. आजीचा प्रश्न मराठीत, नातवाचे उत्तर अर्धे मराठीत, आणि मध्ये एक परका शब्द पाहुण्यासारखा बसलेला.

गोलाच्या वरच्या कोपऱ्यात चकती मारिली, तर ती ‘वरच्या फळीवर’ गेली असे म्हणतात. आणि आणखी रंग भरावयाचा असेल तर ‘आई जेथे बिस्किटे लपवून ठेविते तेथे’ गेली, असे म्हणतात. फडताळाच्या वरच्या फळीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, खाऊ ठेवण्याची आईची रीत जगभर एकच दिसते. आपल्याकडे तेच काम शिंके करीत असे, आणि गोकुळातील बाळकृष्णाने त्याचे काय केले हे आपण जाणतोच. हीच कल्पना कुणा मराठी समालोचकास सुचली असती, तर तो ‘चकती शिंक्यावर!’ असे ओरडला असता, यात मला शंका नाही.

खेळाडूंना दिलेली नावेही पाहण्यासारखी आहेत. घोट्यात पाय वाकवून कसेबसे घसरणारा तो ‘बेंडर’. ज्याला क्वचितच खेळावयास मिळते आणि जो बाकावर धूळ खात बसतो, तो ‘डस्टर’. ज्याच्या भोवतून सगळे वळसा घालून जातात तो मंद बचावपटू म्हणजे रस्त्यावर ठेवलेला ‘पायलॉन’, वाहतुकीचा शंकू. ज्याच्या हातून गोल गळतात तो गोलरक्षक ‘चाळण’. गाजावाजा न करता अंग मोडून मेहनत करणारा ‘ग्राइंडर’ किंवा ‘प्लंबर’. ही नावे कामकरी लोकांनी आपल्या व्यवसायांतून उचलली आहेत. कॅनडातील लहान गावांत शेतकरी, खाणकामगार आणि गिरणीकामगार यांची मुले हा खेळ खेळत मोठी झाली. म्हणून त्यांच्या बोलीत जुन्या क्रीडागृहाला ‘बार्न’, म्हणजे धान्याचे कोठार, म्हणतात.

गोलरक्षक उभा राहिला म्हणजे त्याच्या भोवती चकती शिरण्यास पाच फटी उरतात: वरचे दोन कोपरे, खालचे दोन कोपरे आणि पाचवी त्याच्या दोन पायांमधील. या पाचव्या फटीचे नाव ‘फाइव्ह-होल’, म्हणजे पाचवे भोक. या एका शब्दात गोलरक्षणाचे सारे भूमितिशास्त्र सामावले आहे. चांगली बोली अशीच असते. ती गंमत करते, पण गंमत करता करता अचूक शिकविते.

याच खेळाची भावंडे गल्लोगल्ली आहेत. नियमांचे अवडंबर न करता तळ्यावर किंवा रस्त्यावर खेळावयाच्या हॉकीस ‘शिनी’ म्हणतात. हे नाव स्कॉटलंडमधील ‘शिंटी’ या खेळावरून आले. रस्त्यावर खेळताना गाडी आली की मुले “कार!” असे ओरडतात, गोल उचलून बाजूस घेतात आणि गाडी गेली की पुन्हा मांडतात. आपल्या गल्लीतील क्रिकेटमध्ये स्कूटर आली म्हणजे होणारी धांदल आठवावी. १९६३ मध्ये आँटेरिओ प्रांतातील नॉर्थ बे येथे मुलींसाठी ‘रिंगेट’ नावाचा खेळ निघाला; त्यात चकतीऐवजी रबराचे कडे आणि वाकड्या काठीऐवजी सरळ काठी असते.

टोपी आणि शह

काही शब्दांची वंशावळ पाहिली म्हणजे जग किती लहान आहे हे पटते. एका सामन्यात एकाच खेळाडूने तीन गोल केले तर ‘हॅट-ट्रिक’ झाली म्हणतात आणि प्रेक्षक आपल्या टोप्या बर्फावर फेकतात. हा शब्द बर्फावरील नव्हेच. तो क्रिकेटचा आहे. १८५८ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे एच. एच. स्टीफन्सन यांनी लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, तेव्हा वर्गणी काढून त्यांना टोपी भेट देण्यात आली. तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. कॅनडात त्याने नवा जन्म घेतला. तेथे टोपी विकणाऱ्या दुकानदारांनी तीन गोल करणाऱ्यास टोपी देण्याची प्रथा पाडली, आणि ही प्रथा आपलीच असे म्हणणारी गावे एकाहून अधिक आहेत. पुढे गॉर्डी हाउ या थोर खेळाडूच्या नावाने आणखी एक विनोदी हॅट-ट्रिक निघाली: एक गोल, एक सफरचंद आणि एक मारामारी! स्वतः हाउ यांच्या नावावर अशा हॅट-ट्रिक अगदी थोड्या आहेत. पण बोलीला हिशेबापेक्षा स्वभाव अधिक कळतो.

दुसरा शब्द ‘चेक’. प्रतिपक्षाच्या खेळाडूस अंगाने धडक देऊन चकतीपासून दूर करणे म्हणजे ‘बॉडी चेक’. हा चेक बुद्धिबळातील आहे. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि फ्रेंचने तो फारसीतील ‘शाह’ या शब्दावरून घडविला. फारसीतील तोच शाह आपल्या मराठीत सरळ येऊन ‘शह’ झाला. आपण राजकारणात शह देतो, काटशह देतो. कॅनडातील खेळाडू बर्फावर शह देतो. कुळ एकच, घरे तीन.

क्यूबेकचा शब्दसंसार

आता या लेखाच्या गाभ्याकडे येतो. मॉन्ट्रिअल शहर क्यूबेक प्रांतात आहे आणि त्या प्रांतातील बहुसंख्य लोकांची मातृभाषा फ्रेंच. पण हॉकीचे नियम इंग्रजीत लिहिले गेले, मंडळे इंग्रजी भाषिकांनी काढिली आणि कारखाने व पेढ्याही दीर्घकाळ त्यांच्याच हाती होत्या. फ्रेंच मुलगा घरी फ्रेंच बोले, पण खेळताना पक, गोलर, ऑफसाइड, चेक हे शब्द इंग्रजीच वापरी. १९०९ मध्ये स्थापन झालेला ‘मॉन्ट्रिअल कॅनेडियन्स’ हा संघ फ्रेंच भाषिकांच्या अभिमानाचे ठिकाण झाला. मार्च १९५५ मध्ये त्यांचा लाडका खेळाडू मोरिस रिशार याच्यावर संघटनेच्या इंग्रजी भाषिक अध्यक्षांनी उर्वरित हंगामापुरती बंदी घातली, तेव्हा मॉन्ट्रिअलच्या रस्त्यांवर दंगल उसळली. खेळाच्या निकालापेक्षा खोल असे काही त्या क्षोभात होते, हे सर्वांनी ओळखिले.

त्या दंगलीच्या सुमारे अडीच वर्षे आधीच एक शांत काम सुरू झाले होते. ऑक्टोबर १९५२ मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर हॉकीचा सामना प्रथम दिसू लागला, आणि पहिले प्रक्षेपण झाले ते फ्रेंचमध्ये. इंग्रजी प्रक्षेपण काही आठवड्यांनी आले. फ्रेंच समालोचक होते रने लकावालिए. भाषेवर त्यांचे निरतिशय प्रेम. इंग्रजी शब्दांची उसनवारी करून बोलणे त्यांना शक्य होते, कारण श्रोत्यांना तेच शब्द ठाऊक होते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाला स्वच्छ, नादमधुर फ्रेंच शब्द दिले. चकतीला ‘राँडेल’, म्हणजे लहान गोल चकती. धडकेला ‘मीझ आँ नेशेक’, म्हणजे शह देणे. सणसणीत फटक्याला ‘लांसे फ्रापे’. प्रतिपक्षाचा खेळाडू शिक्षा भोगीत असताना मिळणाऱ्या संधीला इंग्रजीत ‘पॉवर प्ले’ म्हणतात; फ्रेंचमध्ये तिला ‘संख्येचा लाभ’ असे नेमके नाव मिळाले. शेवटच्या मिनिटांत गोलरक्षकास बाहेर बोलावून चढाईसाठी एक खेळाडू वाढवितात, तेव्हा जाळे रिकामे राहते. त्याला ते ‘ओसाड जाळे’ म्हणू लागले. ओसाड हा शब्द ऐकताच चित्र उभे राहते की नाही?

लकावालिए यांनी शब्दांचे पत्रक काढिले नाही, कोणास दंड केला नाही, जुना शब्द वापरणाऱ्याची चेष्टा केली नाही. ते दर शनिवारी रात्री नव्या शब्दांनी खेळ रंगवून सांगत राहिले, इतकेच. घरोघरी लोक ऐकत राहिले. वर्षांमागून वर्षे गेली आणि ते शब्द वृत्तपत्रांत आले, शाळेत आले, मुलांच्या तोंडी आले. फ्रेंच ही प्रांताची अधिकृत भाषा करणारे कायदे १९७० च्या दशकात झाले. हॉकीपुरते काम त्याआधी एका आवाजाने बरेचसे करून ठेविले होते. आजही क्यूबेकच्या गल्लीतील पोरे ‘पक’ म्हणतात, पण त्यालाही ती फ्रेंच प्रत्यय आणि फ्रेंच लिंग लावितात. समालोचकाचा शब्द आणि गल्लीचा शब्द दोन्ही सुखाने नांदत आहेत.

इंग्रजी समालोचकही काही कमी नव्हते. मॉन्ट्रिअलचेच डॅनी गॅलिव्हन शब्द घडविण्यात निष्णात होते. खेळाडूने स्वतःभोवती गिरकी घेऊन प्रतिपक्षास चकविले, तर ते त्यास ‘स्पिनोरामा’ म्हणत. तोफेसारख्या फटक्याला त्यांनी ‘तोफणे’ अशा धर्तीचे विशेषण बनविले, तेव्हा इंग्रजीच्या एका प्राध्यापकाने असा शब्दच नाही म्हणून पत्र लिहिले. गॅलिव्हन यांनी उत्तर धाडले की, आता आहे! कोशकार शब्द नोंदवितो. घडवितो तो बोलणाराच.

आलू टिक्कीचा पराक्रम

फ्रेंच ही तर राजभाषेचा मान असलेली भाषा. पण तशी सत्ता नसलेल्या भाषांचे काय? याचे उत्तर आपल्याच एका भावंड भाषेने दिले आहे. कॅनडात पंजाबी भाषिकांची मोठी वसाहत आहे. २००८ मध्ये तेथे हॉकीचे पंजाबी समालोचन सुरू झाले. आल्बर्टा प्रांतात वाढलेले हरनारायण सिंह हे त्यातील प्रमुख समालोचक. मुले इंग्रजीत हॉकी पाहत. आजी-आजोबांना इंग्रजी समजत नसे, त्यामुळे एकाच खोलीत बसून ते परके राहत. पंजाबी समालोचकांनी युक्ती काढिली. चकतीला त्यांनी नाव दिले ‘टिक्की’, आपली आलू टिक्कीच! सणसणीत फटक्याला ‘चपेड शॉट’, म्हणजे थप्पड. शिक्षा झालेला खेळाडू ज्या पेटीत बसतो ती ‘सजा दा डब्बा’. आजीला खेळ कळू लागला आणि नातवाला आजीची भाषा. तीन पिढ्या एका खोलीत बसून ओरडू लागल्या.

त्याहून हृदयस्पर्शी उदाहरण क्री भाषेचे. क्री ही कॅनडातील आदिवासींची भाषा. या लोकांच्या कित्येक मुलांना एके काळी वसतिशाळांत नेऊन मातृभाषा बोलण्याबद्दल शिक्षा केली जात असे. २०१९ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय पातळीवरील सामन्याचे समालोचन क्री भाषेत झाले. समालोचक होते क्लॅरेन्स आयर्न. ज्या भाषेला शाळेच्या भिंतींनी बंदी केली होती, ती बर्फाच्या मैदानावरून घरोघर ऐकू आली.

आपल्या देशातही लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळला जातो. लेह येथील करझू तळे त्यासाठी प्रसिद्ध आहे. भारताच्या महिला संघाने २०१६ मध्ये आशियाई स्पर्धेत प्रथम भाग घेतला आणि २०१७ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला. त्या संघात लडाखी मुलींचा भरणा मोठा.

शब्दांची काळी बाजू

खेळाच्या बोलीचे गुणगान करताना एक सावधगिरी बाळगणे मुख्याध्यापक या नात्याने मला आवश्यक वाटते. गमतीचा शब्द कधी कधी वेदना झाकतो. डोक्यास जबर आघात झाला, तर खेळाडू ‘घंटा वाजली’ असे हसून म्हणत आणि पुन्हा बर्फावर उतरत. जणू देवळातील घंटाच ती! मारामारी करण्यासाठी म्हणून जो खेळाडू संघात ठेवीत, त्याला ‘एन्फोर्सर’, म्हणजे जरब बसविणारा, असे भारदस्त नाव होते. डेरेक बूगार्ड हा असाच धिप्पाड खेळाडू. २०११ मध्ये, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी, वेदनाशामक औषधे आणि मद्य यांच्या संयोगाने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा वारंवार बसणाऱ्या आघातांनी जडणारा विकार त्यात आढळला. त्या काळात शब्दही बदलू लागले. २०१० मध्ये डोक्यास लक्ष्य करून दिलेल्या धडकेविरुद्ध स्वतंत्र नियम झाला होता. आता ‘घंटा वाजली’ असे म्हणण्याऐवजी ‘मेंदूस आघात’ असे स्पष्ट म्हणण्याचा आग्रह धरला जातो. नाव खरे दिले म्हणजे उपायही खरा होतो.

आपल्या मैदानांवरही ‘बेंडर’ आणि ‘डस्टर’ यांची भावंडे आहेत. पळताना अडखळणाऱ्या मुलास, चष्मा लावणाऱ्या मुलीस जी नावे पडतात, ती पुष्कळदा शाळा सुटली तरी सुटत नाहीत. बोली जिवंत असावी, पण तिने कोणाचा जीव घेऊ नये. हे शिकविण्याची जागा व्याकरणाचा तास नव्हे. ती मैदानच आहे, आणि तेथे वडीलधाऱ्यांनी अधूनमधून उभे राहिले पाहिजे.

आपल्या अंगणात

मराठीने हे काम कधी केलेच नाही, असे मात्र कोणी समजू नये. आकाशवाणीवरून पुण्याचे बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी क्रिकेट मराठीत सांगितले, तेव्हा फलंदाज, यष्टिरक्षक, षटकार, निर्धाव षटक हे शब्द घरोघर रुळले. त्यांतील ‘त्रिफळाचीत’ हा शब्द तर पाहा! तीन यष्ट्यांना वैद्याच्या बटव्यातील हिरडा-बेहडा-आवळ्याची उपमा, आणि बाद होण्याला कुस्तीच्या हौद्यातील चीत. इंग्रजी खेळ, आयुर्वेदाचे औषध आणि तालमीची माती, तिन्ही एका शब्दात. महाराष्ट्राबाहेरही हे काम झाले आहे. व्यायाम आणि खेळ यांची समग्र माहिती देणारा दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली निघाला, तो बडोद्यात. त्याचा पहिला खंड १९३६ चा. बडोद्याच्या वाचकांनी हा वारसा मुलांना जरूर सांगावा.

आणि मुलांनी कोशाची वाट कधी पाहिली? इंग्रजीतील ‘आय स्पाय’ कानोकानी फिरत आपल्या गल्लीत आला, तो ‘डबा ऐसपैस’ होऊन. परक्या ध्वनीतून मुलांनी आपला ऐसपैस शब्द ऐकला आणि खेळ आपला करून टाकिला. पकडापकडीत ज्याच्यावर डाव येतो त्यास हिंदीत ‘चोर’ म्हणतात. मराठी मुलगा मात्र ‘तुझ्यावर राज्य’ असे म्हणतो. ज्याला सगळ्यांच्या मागे धावावयाचे त्यालाच राज्य द्यावयाचे, या कल्पनेत केवढे शहाणपण आहे!

तेव्हा आपण काय करावे? मुलगा मैदानावरून हिंदी, गुजराती, कानडी किंवा इंग्रजी शब्द घेऊन आला, तर त्याला दटावू नये. विटीदांडूतील वकट-लेंडही असेच आले होते. त्याऐवजी त्याला त्या शब्दाचा अर्थ विचारावा, आणि ‘यास आपण काय म्हणू या?’ असा दुसरा प्रश्न करावा. चार-दोन शब्द फसतील, एखादा चिकटेल. चिकटेल तो आपला. आजी-आजोबांनी निदान एक खेळ, मग तो सागरगोट्यांचा असो, लगोरीचा असो की पत्त्यांचा, त्याच्या सगळ्या शब्दांसह नातवंडांस शिकवावा. खेळ शिकविला की शब्द मागाहून येतात. नुसते शब्द शिकविले तर खेळही येत नाही आणि शब्दही राहत नाहीत. दूरचित्रवाणीवर सामना चालू असेल तेव्हा आवाज थोडा कमी करून घरातील एखाद्याने पाच मिनिटे मराठीत समालोचन करून पाहावे. पहिली दोन मिनिटे हशा होईल. तिसऱ्या मिनिटाला बाकीचे चुका दुरुस्त करू लागतील.

लकावालिए यांच्या हाती ध्वनिक्षेपक होता आणि अवघा प्रांत ऐकत होता. आपल्या हाती एक ओटा आहे आणि ऐकणारी दोन-चार मुले. पण भाषेला तेवढे पुरते, असा आजवरचा अनुभव आहे. या सुटीत संध्याकाळी मुले घरी परतली, म्हणजे कोण जिंकले एवढेच विचारून थांबू नये. खेळ कसा झाला हे त्यांच्याकडून मराठीत सविस्तर ऐकावे.